संक्रांतीच्या वाणाला घरच्या वाळवलेल्या पानांचा चहा : कापणीपासून पुडी भरेपर्यंत सगळं

डिसेंबर लागला की सोसायटीच्या ग्रुपवर ‘यंदा काय लुटताय?’ सुरू होतं. स्टीलच्या वाट्या, प्लॅस्टिकचे डबे, कंगवे, पर्स, सगळं लुटून झालंय आणि ते सगळं प्रत्येकीच्या माळ्यावर पडलेलंय. मी गेली सहा वर्षं वाणाला एकच गोष्ट देते, घरी वाळवलेल्या गवती चहा, तुळस, पुदिना, सुंठ, बडीशेप, वेलचीचं मिश्रण, २५ ग्रॅमची पुडी. एका पुडीत बारा-तेरा कप होतात, थंडी संपायच्या आत पुडी संपते, माळ्यावर काही जात नाही. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं म्हणून मी तीसेक पुड्या करते, पण पहिल्यांदा करणार असाल तर दहाच करा. खाली सगळी मापं दहा पुड्यांची, म्हणजे २५० ग्रॅम वाळलेल्या मालाची दिलीयेत.

आधी पहिल्या वर्षी काय बिघडलं ते सांगते, कारण हा सगळा लेख त्यावरूनच आलाय. पानं हाताला कुरकुरीत लागली म्हणून मी त्याच दिवशी पुड्या भरल्या, छान खणाच्या पोटल्या केल्या, वाटल्या. पंधरा दिवसांनी माझ्या मोठ्या वहिनींचा फोन आला, अगं पोटली उघडली तर कोंदट वास येतोय आणि आत पांढरं काहीतरी दिसतंय. बुरशी होती. मी सगळ्यांना फोन करून टाकून द्यायला सांगितलं, खूप वाईट वाटलं मला तेव्हा. पान वरून वाळतं तेव्हा त्याच्या शिरेत आणि देठात ओल शिल्लक असते, आणि ती बंद पुडीत हळूहळू बाहेर येऊन सगळा माल सादळवते. म्हणजे पान दोनदा तपासायचं, एकदा हाताने आणि एकदा बरणीत. बरणीतली तपासणी खाली सविस्तर दिलीये, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण ते वाचा.

कधी काय करायचं

संक्रांत १४ जानेवारीला (एखाद्या वर्षी १५ ला) धरून उलटं मोजायचं. गवती चहा पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात भरलेला असतो, थंडीत त्याची वाढ मंदावते, म्हणून तो मी नोव्हेंबरअखेरीस कापून वाळवून ठेवते. तुळस, पुदिना आणि आलं डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. साधारण २५ डिसेंबरच्या आसपास सगळं बरणीत, १ जानेवारीला बरणी पास झाली की नाही ते कळतं, नाही झाली तर परत वाळवायला हातात आठवडा असतो. पुड्या ८ ते १० तारखेच्या मध्ये भरायच्या.

हे वेळापत्रक पुण्याचं आहे. नाशिक, संभाजीनगर, विदर्भात हवा याहून कोरडी असते, काम लवकर होतं. मुंबई, कोकण, गोवा इथे मात्र समुद्राची दमट हवा डिसेंबरातही जाणवते, तिथे प्रत्येक टप्प्याला दोन-तीन दिवस जास्त धरा, किंवा शेवटी ओव्हनचा हात लावा (तेही पुढे येतंय). आणि पावसाळ्यात हा उद्योग मुळीच करू नका, पंख्याखाली ठेवलेली पानंसुद्धा काळी पडून वास मारतात.

काय किती लागतं

वाळलेल्या वजनात दहा पुड्यांना: गवती चहा ११० ग्रॅम, तुळस ४०, पुदिना २५, सुंठेचे तुकडे ४०, बडीशेप २०, हिरवी वेलची १५. झाले २५०.

ताज्या पानात पाणीच जास्त असतं त्यामुळे ताजं किती घ्यायचं हा अंदाज पहिल्यांदा हमखास चुकतो. गवती चहा वाळून साधारण पाव होतो, म्हणजे ११० ग्रॅमसाठी साडेचारशे ग्रॅम तरी पाती हवी. तुळशीची नुसती पानं (देठ, काड्या सोडून) २०० ते २५० ग्रॅम. पुदिन्याचीही नुसती पानं २०० ग्रॅम, आणि जुडीत निम्मं वजन देठांचंच असतं, म्हणून आणताना दुप्पट धरा. आलं २५० ग्रॅम. प्रत्येक गोष्ट थोडी जास्तच वाळवा, उरलेलं घरी संपतंच.

गवती चहा

याचा वास म्हणजे सिट्राल नावाचा घटक, लिंबाच्या सालीतही थोडा असतो म्हणून तो वास लिंबासारखा येतो. नर्सरीतून ठोंब आणताना एक पान चुरगाळून बघाच. त्याच्यासारखंच दिसणारं सिट्रोनेला गवत असतं, बुंध्याशी तांबूस-लालसर, आणि वास डास पळवायच्या तेलाचा. ते चहात नको. आपल्या गवती चहाचा बुंधा फिकट हिरवा-पांढरट असतो.

सकाळी दंव सुकल्यावर कापायचा, जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून, म्हणजे ठोंब परत फुटतो. पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला, पात्याची कड धारदार असते आणि हातावर बारीक चिरा पडतात, त्या दिवसभर चुरचुरतात. बाजारात जुडी मिळते तीही चालते, फक्त टोकं पिवळी-तपकिरी झालेली नको आणि फ्रीजमध्ये चार दिवस पडलेली तर नकोच.

धुवून, झटकून, तासभर कपड्यावर पसरून पाणी निथळू द्या. मग आठ-दहा पाती एकत्र धरून कात्रीने अर्ध्या इंचाचे तुकडे करा. हे ओलं असतानाच करायचं, वाळल्यावर पातं चिवट होतं, कात्री चालत नाही आणि मिक्सरला लावलं तर काथ्यासारखे तंतू निघतात. बुंध्याकडचा जाड पांढरा भाग यात घालू नका, तो आतून आठवडाभर ओला राहतो, रोजच्या चहात ठेचून टाका.

तुळस आणि पुदिना

कृष्ण तुळस तिखट, लवंगेसारखी लागते, पांढरी किंवा राम तुळस सौम्य. मी निम्मी-निम्मी घेते. वृंदावनातल्या तुळशीला मी हात लावत नाही, चहासाठी वेगळ्या दोन कुंड्या आहेत, आणि आईच्या शिकवणीप्रमाणे एकादशीला, रविवारी आणि दिवेलागणीनंतर तोडत नाही. हार-पूजेची विकत मिळणारी तुळस घेऊ नका, तिच्यावर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं, आणि ही गोष्ट आपण दुसऱ्याच्या घरी प्यायला देतोय. मंजिऱ्या येतील तशा खुडत गेलात तर झाड पसरतं आणि पानं भरपूर येतात, ऑगस्टपासून हे चालू ठेवलं तर डिसेंबरला दोन कुंड्यांत काम भागतं.

पुदिना सगळ्यात नाजूक. पान जरा चुरगाळलं, उन्हात ठेवलं किंवा एकावर एक राहिलं की काळं पडतं. जुडी आणली की लगेच निवडा, काळी-पिवळी पानं काढा, भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवा (माती खाली बसते, म्हणून पानं वरून उचलून घ्यायची, पाणी ओतून टाकायचं नाही नाहीतर माती परत पानांवर), रोवळीत निथळा आणि मग सुती पंचावर टिपून घ्या. चोळू नका.

ओव्याची पानं घालू का असं खूप जणी विचारतात. नका घालू. ती जाड, रसाळ असतात, महिनाभर वाळत नाहीत आणि सगळा माल बिघडवतात.

वाळवणं

मिरच्या-पापडांसारखं पानांना कडक ऊन द्यायचं नाही. उन्हाने रंग उडतो, आणि ज्या तेलामुळे वास येतो ते तेलही उडून जातं, हातात नुसतं हिरवट गवत उरतं. सावली आणि वारा, दोनच गोष्टी हव्यात. मी जुन्या नऊवारीचे तुकडे धुवून ठेवलेत, ते खाटेवर अंथरते, खाटेच्या पट्ट्यांमधून खालूनही हवा लागते. खाट नसेल तर कपडे वाळत घालायच्या स्टँडवर कापड ताणून क्लिपा लावा, उत्तम चालतं. वर्तमानपत्रावर वाळवू नका, ओल्या पानाला शाई लागते.

एकच थर पसरा, पान पानावर नको. खोलीचा पंखा एक-दोनवर, जोरात लावला तर दुसऱ्या दिवसापासून हलकी झालेली पानं घरभर उडतात, वरून एक पातळ ओढणी टाकली की उडतही नाहीत आणि धूळही बसत नाही. दिवसातून दोनदा हलक्या हाताने हलवा. गॅलरीत ठेवत असाल तर संध्याकाळी घरात घ्या, रात्रीच्या दंवाने दिवसभर वाळलेलं परत मऊ होतं.

पुण्याच्या थंडीत मला पुदिन्याला तीन दिवस, तुळशीला चार, गवती चहाला पाच लागतात. तुमच्याकडे कमी-जास्त होईल, दिवस मोजू नका, पान बघा. पान बोटात धरून वाकवलं तर वाकता कामा नये, कट्‌कन मोडलं पाहिजे. पानापेक्षा देठ तपासा, देठ मोडला तर पान वाळलंच. गवती चहाचा तुकडा मधल्या शिरेवर वाकवून बघा.

आल्याचं वेगळं. आल्याला ऊन चालतं, हवंच. साल खरवडून दोन मिलिमीटरच्या पातळ चकत्या, ताटात पसरून कडक उन्हात पाच-सहा दिवस, चकती मोडताना आवाज आला पाहिजे. मग खलबत्त्यात ठेचून ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करा आणि चाळणीने पूड चाळून घ्या. पूड फेकू नका, रोजच्या चहाला वापरा, पण पुडीत घालू नका कारण पूड तळाशी बसते आणि चहा गढूळ होतो. एवढा वेळ नसेल तर विकतची सुंठ आणा, पण एकदम पांढरीफेक नको, तिला चुना लावलेला असू शकतो, तपकिरी-राखाडी, मोडल्यावर आत तंतू दिसणारी घ्या.

दमट गावात राहणाऱ्यांसाठी: तीन-चार दिवस सावलीत वाळवून झालं की शेवटची ओल ओव्हनमध्ये काढा. ५० अंशाला, दार बोटभर उघडं ठेवून, वीस-पंचवीस मिनिटं. बऱ्याच ओटीजीचं सगळ्यात कमी तापमान याहून खूप जास्त असतं, मग ओव्हन दोन-तीन मिनिटं तापवून बंद करायचा आणि त्या उबेत ट्रे ठेवायचा, असं दोनदा. मायक्रोवेव्ह मी टाळते, वाळलेलं पान त्यात क्षणात करपतं, पेटूही शकतं. एअर फ्रायर तर नाहीच, आतल्या वाऱ्याने पानं उडून कॉइलला चिकटतात.

बरणीतली परीक्षा

प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या काचेच्या बरणीत, पाऊण भरेपर्यंत. एकत्र अजून करायचं नाही, कारण एक ओलं निघालं तर सगळं जाईल. बरण्या कडक उन्हात वाळवलेल्या हव्यात, झाकणासकट. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी झाकणाच्या रबरातला वास जात नाही, ती नकोच.

झाकण घट्ट लावून बरणी खोलीत ठेवा आणि सात दिवस रोज सकाळी बघा. काचेच्या आतून धुकं किंवा थेंब दिसतात का? हलवल्यावर पानं सुटी सळसळतात की गोळा होऊन एकत्र घसरतात? झाकण उघडून वास घ्या, ताज्या पानाचा वास यायला हवा, ओल्या फडक्याचा नाही. थेंब किंवा गोळा दिसला की सगळं बाहेर काढून परत कपड्यावर, आणि वाळल्यावर सात दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मला गवती चहाला जवळपास दरवर्षी ही दुसरी फेरी लागते, त्यात काही बिघडलं असं समजू नका.

बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी ती पूर्ण बरणी टाकायची. तेवढं पान काढून बाकीचं ठेवावं असा मोह होतो, विशेषतः दोन कुंड्यांची सगळी तुळस त्यात असते तेव्हा. तरी टाका. बुरशी जिथे डोळ्याला दिसत नाही तिथेही पसरलेली असते.

मिसळणं आणि भरणं

बडीशेप मंद आचेवर नुसती कोमट होईपर्यंत परता, भाजायची नाही, ओल जाण्यापुरतं. पूर्ण गार करा, गरम बडीशेप पुडीत गेली की वाफ धरते. वेलची सालासकट खलबत्त्यात एक-दोन ठोके देऊन उघडायची, आणि हे पुडी भरायच्या दिवशीच, कारण कुटलेल्या वेलचीचा वास लवकर उडतो.

पानांचा चुरा करू नका. पान जेवढं अख्खं तेवढा वास जास्त टिकतो, तुळस-पुदिना फक्त तळहातावर हलकेच मोडा, म्हणजे चमच्यात येईल इतपत.

आता एक गोष्ट जी करूनच कळते. सगळं मोठ्या परातीत मिसळून पुड्या भरल्या तर सुंठ आणि बडीशेप जड म्हणून खाली बसतात, पहिल्या पाच पुड्यांत नुसतं गवत आणि शेवटच्या पाचात नुसती सुंठ जाते. म्हणून पाच-पाच पुड्यांचा माल वेगळा मोजून मिसळा: गवती चहा ५५, तुळस २०, पुदिना साडेबारा, सुंठ २०, बडीशेप १०, वेलची साडेसात ग्रॅम. मिसळा, लगेच पाच पुड्या भरा, प्रत्येक वेळी तळापासून वर हलवून. हात कोरडे हवेत, आणि गॅसवर कुकर चालू असताना हे काम त्याच ओट्यावर करू नका, वाफेने पानं तिथल्या तिथे मऊ पडतात.

खणाची पोटली दिसते फार सुरेख, पण कापडातून वासही जातो आणि हवेची ओलही येते. आत झिपचं जाडसर पाकीट आणि बाहेर पोटली, असं करा. काचेची छोटी बरणी सगळ्यात चांगली, पण तीस जणींना द्यायची तर खर्च आणि ओझं दोन्ही वाढतं.

चिठ्ठी घालायचीच

चिठ्ठीशिवाय पुडी दिली तर लोक ती मसाला समजून भाजीत घालतात. माझी चिठ्ठी अशी असते:

‘गवती चहा, तुळस, पुदिना, सुंठ, बडीशेप, वेलची. घरी सावलीत वाळवलेलं. पुडी भरल्याची तारीख : ९ जानेवारी. एका कपाला एक चमचा भरून. पाणी उकळलं की गॅस बंद करून घाला, झाकण ठेवून पाच मिनिटं, मग गाळा. दुधाच्या चहात घालायचं तर पाण्याबरोबर आधी उकळा, मग चहा पावडर, मग दूध. गूळ घालणार असाल तर गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटेल. कोरड्या चमच्याने काढा, घट्ट बंद ठेवा, गॅसपासून आणि उन्हापासून लांब. सहा महिन्यांत संपवा.’

झाकण ठेवण्याची सूचना गाळू नका. उघड्या भांड्यात उकळत ठेवलं की सगळा वास स्वयंपाकघरात आणि कपात कोमट पिवळं पाणी.

ज्येष्ठमधाचं एक सांगायचंय. गोडी येते म्हणून बऱ्याच जणी ते घालतात, पण ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या काकू-मावश्यांपैकी कितीजणींना बीपीच्या गोळ्या चालू असतील ते आपल्याला ठाऊक नसतं. स्वतःच्या घरी काय ते करा, वाणात नको. गरोदर असलेल्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या कोणाला देताना तुळस आहे हे तोंडी सांगा आणि डॉक्टरांना विचारून घ्या म्हणा. औषध म्हणून देऊ नका, चिठ्ठीवर सर्दी बरी होते वगैरे लिहू नका, तो चहा आहे. आणि आवडला म्हणून कोणी विकत मागितलं तर पैसे घेण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी लागते, हे लक्षात असू द्या.

परदेशात राहणाऱ्या लेकी-सुनांना पाठवायचा विचार असेल तर आधी तिकडचे नियम बघा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला वनस्पतींच्या बाबतीत फार कडक तपासणी असते, बॅगेत असं काही असेल तर उतरल्यावर लिहून जाहीर करावंच लागतं, नाही केलं तर दंड होतो. त्यापेक्षा मापांचा कागद पाठवा, तिकडे वाळलेला गवती चहा आणि पुदिना दुकानात मिळतो, त्यांना तिथेच मिसळता येईल.

दरवर्षी एक पुडी मी स्वतःसाठी बाजूला ठेवते, वाटलेल्या पुड्यांसारखीच, त्याच पाकिटात, आणि गुढीपाडव्याच्या सकाळी उघडते. अडीच-तीन महिन्यांत वेलचीचा वास किती उरलाय, पुदिना काळवंडलाय का, गवती चहा अजून मोडतोय की वाकतोय, ते तारखेसकट वहीत लिहून ठेवते. वेलची पहिली दोन वर्षं मी १० ग्रॅम घालायचे, ती १५ झाली ती त्या वहीमुळेच.